वॉर्ड ऑफिसच्या दारातला जमखाना

मी एक जुना जमखाना आहे. जाड सुताची लांबलचक सतरंजी म्हणा हवं तर. अंगावर लाल-निळे पट्टे, एका रांगेत वीस माणसं मावतील एवढी लांबी.

मित्रांनो, हातमागावर माझा जन्म झाला आणि कानडी मुलखात, चामराजपेटच्या अंबाभवानीच्या देवळात माझा संसार. बारशी, मुंजी, मंगळवारची भजनं, सगळी माझ्यावर झाली. लोक माझ्या रंगाचं कौतुक करायचे. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. त्याच लोकांनी मला गुंडाळून उंदरांच्या हवाली केलं. माणसांचं कौतुक एवढंच असतं, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या वर्षी नळाला गटाराचं पाणी येऊ लागलं. ब्लाउज शिवणाऱ्या मथुराअक्काची नात रक्षिता काविळीनं दवाखान्यात गेली. वॉर्ड ऑफिसात अक्काला एकटी बघून चार वेळा हाकललं. पाचव्यांदा ती गेलीच नाही. मंगळवारी आरती झाल्यावर तिनं देवळाचं दार अडवलं आणि कुणाकुणाच्या घरी आजारी आहे ते विचारून लिहून घेतलं. शुक्रवारी नमाजानंतर मागच्या गल्लीतल्या मशिदीत गौसभाईंनी तेच केलं. रविवारी चर्चमध्ये सिसिलिया टीचरनी. तिन्ही याद्या जुळवल्या तर आजार पाईपच्या वाटेनं चाललेला.

मिठ्या मारून फोटो काढायला कुणी आलं नव्हतं. देव ज्याचा त्याच्या घरी. ठरलं ते एवढंच: तीन गल्ल्या, एक अर्ज, आणि साहेबाकडे एकट्यानं जायचं नाही. मग ऑफिसच्या दारात मला अंथरलं आणि सगळे बसले.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअर साहेबानं देवळाचे पंच आप्पाजी यांना आत बोलावलं, चहा पाजला. बाहेर येऊन आप्पाजी म्हणाले, “मथुरा, ऊठ. आठ दिवसांत आपल्या गल्लीला नवा पाईप देतायत. आपलं काम झालं. जमखाना देवळाचा आहे, घेऊन जातो.”

गौसभाई लगेच उठू लागले. देवळाची वस्तू आहे, देऊन टाकू, आम्ही फरशीवर बसू, असं म्हणत होते.

“बसा, भाई,” अक्का म्हणाली. “देवळाची तर मी पण आहे.”

“पोरगी दवाखान्यात, आणि तुला हट्ट सुचतो?”

अक्काचा चेहरा उतरला. क्षणभर मला वाटलं, उठते आता.

“तिच्यासाठीच बसलेय. घाण मशिदीच्या गल्लीत पाईपात शिरते. आपल्या दारात नवा पाईप घालून त्याची काय पूजा करू? स्वल्प डोकं चालवा, आप्पाजी.”

आप्पाजींनी माझं टोक धरून ओढलं. मी टरकन फाटलो. उठलं कुणीच नाही.

“सरी, बरं तर,” अक्का म्हणाली, “न्या की. आम्हांसकट न्या.”

हातात चिंधी तशीच घेऊन आप्पाजी आत गेले. त्यांचा आवाज बाहेरपर्यंत आला, “साहेब, मला नाही उठवता येत यांना. तुम्हीच या बाहेर.”

साहेब आला, नियम सांगू लागला. अक्कानं अर्ज पुढे धरला. तिन्ही गल्ल्या, हो का नाही? साहेबानं नियम पुन्हा सांगितले, तिनं प्रश्न पुन्हा विचारला. दुपार कलली तेव्हा त्यानं तारीख घालून सही केली.

रक्षिता घरी आली. मशिदीची गल्ली झाली, देवळाची झाली. चर्चच्या गल्लीत अजून खड्डासुद्धा नाही. साहेब बदलला, नवा म्हणतो, मला माहीत नाही. देवळाच्या गल्लीत आता स्वच्छ पाणी आहे, म्हणून काही जण म्हणाले, पुरे झालं. सोमवारी मला खांद्यावर टाकून ऑफिसकडे निघाले ते आप्पाजीच.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची रीत आहे. मी नाही सांगणार. मला धुऊन, घडी घालून ठेवाल तर तुमच्यासारखे भित्रे तुम्हीच. तुमच्या नळाला चांगलं पाणी येतंय? मग पलीकडच्या गल्लीत जाऊन विचारा. तिथं येत नसेल तर मला अंथरा, आणि काम होईपर्यंत उठू नका. मी मळायलाच जन्मलोय.