दोन वाजताचा आकडा

स्वस्तातला म्हणून त्या उपग्रहाला सगळ्यांनी आधीपासूनच नाकं मुरडली होती. फ्रिजएवढं खोकं, त्यात बाजारातल्या सुट्या भागांचं रडार. वरून लहर सोडायची, ती समुद्रावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि पाण्याची पातळी सांगायची, एवढंच त्याचं काम. तेही त्याला जमत नाही, असं तीन महिने दिसत होतं. बंदरात पाण्याची पातळी मोजणाऱ्या नळीच्या आकड्यांशी ताडून पाहिलं की वीतभर फरक. संध्याकाळच्या बैठकीत तो बंद करायचं ठरणार होतं. त्याच्यासाठी सहा वर्षं राबलेली इंजिनिअर सकाळीच तणतणत बंदरावर आली.

नळीची खोली तिच्या सख्ख्या मामाच्या ताब्यात होती. मोजायला तिला त्यानेच शिकवलं होतं. "आकडा डोळ्यांनी वाचायचा, मनाने नाही," हे त्याचं पालुपद.

तिने नळीचं झाकण उघडलं आणि नाक दाबलं. आत काळा बुळबुळीत गाळ आणि कुजलेले मासे. पाण्याबरोबर वरखाली व्हायचा तो तरंगता गोळा त्या घाणीत रुतून बसला होता.

"मामा, हे कधीपासून?"

"झाले असतील तीनेक महिने." मामा खुर्चीतून हलला नाही. "गुडघे वाकत नाहीत गं."

"मग रोजचे आकडे कुठून आणतोस?"

"भरती-ओहोटी तोंडपाठ आहे मला. चाळीस वर्षं काय गोट्या खेळलो इथे?"

तिने वही ओढली. घड्याळात दहा वाजले होते. उपग्रह डोक्यावरून जायचा होता दोनला. आणि दोनचा आकडा लिहून मामा केव्हाच मोकळा झाला होता, तोही अगदी मिलिमीटरपर्यंत.

गाळाची आली नव्हती एवढी शिसारी तिला त्या वळणदार अक्षराची आली.

"शी! त्या बिचाऱ्या खोक्याला आम्ही तीन महिने खोटं ठरवतोय, मामा. तुझ्या या पाट्या टाकण्यापायी!"

मामाचा चेहरा उतरला. "बैठकीत माझं नाव घेणार?"

"घेणारच."

"घे. पण मागच्या आठवड्याचं पान खालपर्यंत वाच."

तिने वाचलं. तळाशी 'प्रत्यक्ष पाहून तपासले' असा शिक्का होता आणि त्यावर तिचीच सही. त्याच्या मागच्या पानावर तशीच. त्याच्याही मागच्या पानावर. वह्या दर आठवड्याला तपासणीसाठी तिच्या ऑफिसात यायच्या आणि मामाचं अक्षर दिसलं की ती चहा पिता पिता सह्या ठोकायची.

आता तिला स्वतःच्या हाताचीच किळस वाटली. तिने वही काखेत मारली.

"दोन नावं घेणार," ती म्हणाली, आणि बाहेर पडली.