कबुलीतलं पहिलं वर्ष

मक्तेदारी-प्रतिबंधक कार्यालयात तिला सगळे ‘मिलिग्रॅम’ म्हणत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती आवक टेबलावर बसली होती, आणि अर्जावर शिक्का मारताना वेळ मिनिटावर न थांबता सेकंदापर्यंत लिहीत असे. थट्टा होई, तक्रार मात्र कधी झाली नाही. कारण त्या टेबलावर वेळेलाच किंमत होती. संगनमत करणाऱ्यांपैकी जो प्रथम येऊन सगळं कबूल करील त्याला पूर्ण माफी, दुसऱ्याला निम्मी, आणि तिसऱ्याने आपलं तोंड लपवायला जागा शोधावी, असा एकंदर नियम होता. चोराचोरांत शर्यत लावण्याची ही युक्ती ज्याने काढली, त्याला माणसाच्या स्वभावाविषयी फारसा भ्रम नसावा.

गेल्याच महिन्यात नियमात एक वाक्य वाढलं होतं. पूर्वी कबुलीत काही राहून गेलं, तर पंधरा दिवसांत भर घालता येई. आता जाणूनबुजून काही वगळल्याचं आढळलं, तर माफी रद्द. दिलेली कबुली मात्र पुरावा म्हणून कार्यालयाकडेच राहणार. तिने ते वाक्य वाचलं, पेन्सिलीने त्याखाली रेघ ओढली आणि मग खोडरबराने पुसून टाकली.

सोमवारी सव्वाअकराला काका आले.

रक्ताचे काका नव्हेत. बाबांचे मित्र, आणि त्यांच्यासारखेच तुरटीचे कारखानदार. नदीचं गढूळ पाणी निवळायला शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राला रोज तुरटी लागते. ती एके काळी चार कारखाने पुरवीत. बाबांचा बंद पडला, तीन उरले. त्यानंतर केंद्राची निविदा निघाली की ती कोणी जिंकायची हे तिघांत आधीच ठरे. ठरवण्याला ते ‘पाळी’ म्हणत. एवढं चौकशी विभागाला कळलं होतं. आपले वडील याच धंद्यात बुडाले, तेव्हा या चौकशीत आपल्याला घेऊ नये, असं तिने स्वतःच लिहून दिलं होतं. आवक टेबलाबद्दल तिला कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची तिला सवय नव्हती.

बाबांना बाजाराने बुडवलं, असं घरात मानलं जाई. खरं कारण तिला बाबा गेले त्या आठवड्यात कळलं. भेटायला आलेल्या, आम्ल पोचवणाऱ्या टँकरवाल्याने मान खाली घालून सांगितलं की त्या तिघांनी आम्लाच्या व्यापाऱ्याला दम भरला होता: मास्तरला माल दिलास तर आम्ही तिघंही तुझ्याकडून घेणं बंद करू. मास्तर म्हणजे बाबा. आम्लाशिवाय तुरटी होत नाही. नऊ आठवड्यांत कारखान्याला कुलूप लागलं. मग काकांनी मित्राला स्वतःच्या कारखान्याच्या गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद करायला बसवलं. बाबा तिथे सात वर्षं बसले. आई अजूनही म्हणे, “पडत्या काळात भाऊजींनीच हात दिला.” केसाने गळा कापणाऱ्याने वर पट्टी बांधून दिली होती, आणि घरात आभार मानले जात होते ते पट्टीचे.

टँकरवाल्याचं बोलणं ऐकीव होतं. ऐकीव म्हणजे पुरावा नव्हे, हे ती जाणून होती. म्हणून ती थांबली होती.

“अगं, तू इथे?” काका दारातच थबकले.

“बसा, काका.”

“ओळख आहे वाटतं?” बरोबरचे वकील खुलले. “चला, काम लवकर होईल.”

“ओळखीने शाई लवकर वाळत नाही,” ती म्हणाली.

वकिलांनी अर्ज पुढे केला. वरच्याच पानावर होतं: संगनमताचा काळ, अकरा वर्षे. तिने हात पुढे केला, तेवढ्यात काकांनी आपला पंजा कागदांवर ठेवला.

“जरा पाणी पिऊन येतो.”

“साहेब, इथे पाणी पिईपर्यंत दुसरा येऊन उभा राहतो,” वकील म्हणाले.

काका अर्ज घेऊन बाहेर गेले आणि सहा मिनिटांनी परतले. ‘अकरा’वर आता रेघ होती, वर ‘दहा’ लिहून शेजारी सही. तिसऱ्या पानानंतर पाचवं होतं.

“चौथं पान?”

“ते दुसऱ्याच कामाचं. चुकून लागलं होतं.”

वकिलांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं आणि मग घड्याळाकडे. घड्याळ जिंकलं.

तिला सगळं समजलं. कबूल करायचं ठरवून, टंकून आणलेलं पहिलं वर्ष तिचा चेहरा पाहून मागे घेतलं गेलं होतं. “काका, मला माहीत आहे,” एवढं वाक्य पुरलं असतं. पान परत आलं असतं आणि माणूस सुटला असता. अर्जदाराला सल्ला देण्यास नियमाची मनाई होती. मनाई नसती तरी तिने ते वाक्य उच्चारलं नसतं, हेही नमूद केलेलं बरं.

“पूर्ण आणि खरी माहिती दिली आहे?”

“हो.”

तिने नवं वाक्य सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचून दाखवलं. “हे कळलं?”

“कळलं.”

“काही वगळलं आहे?”

काका तिच्याकडे पाहत राहिले. “नाही गं, पोरी.”

तिने शिक्का मारला. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, सतरा सेकंद.

दुपारी दोनला दुसऱ्या कारखान्याच्या मालकीणबाई आल्या. वकील नाही, हातात जाडजूड पाकीट.

“माझ्याआधी कोण आलं?”

“सांगता येत नाही.”

“म्हणजे तोच. मग मी तरी कशाला काही पोटात ठेवू?”

त्यांनी पोटात काहीच ठेवलं नव्हतं. अकरा वर्षं, बैठकीगणिक. पहिल्या बैठकीच्या टिपणात काकांचं एक वाक्य होतं: ‘मास्तरला आम्ल मिळता कामा नये. त्याची समजूत मी घालतो.’ तिने पानं मोजली, सगळी होती, शिक्का मारला.

दीड महिन्याने निकाल जाहीर झाला. काकांची माफी रद्द, दंड पूर्ण, आणि पाच वर्षं कुठल्याही निविदेला बंदी. कारखान्याला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. निकालाची प्रत न्यायला ते एकटेच आले.

“तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“केव्हापासून?”

“बाबा गेले त्या आठवड्यापासून.”

“ते पान मी तुझ्यासाठी काढलं. तुला वाचावं लागू नये म्हणून.”

तिने यावर विचार केला. लाजेने काढलं असेल, किंवा भीतीने. दोन्हींत पान एकच गळतं. मागाहून निवाडा करायला साधन नाही.

“असेल,” ती म्हणाली.

“एक शब्द बोलली असतीस तर...”

“तर तुम्ही सुटला असता.”

तिने पोचवही पुढे केली. त्यांनी सही केली, तारीख घालायची राहिली. ती तिने घालून घेतली.

निकाल सार्वजनिक असतो; एक प्रत तिने रीतसर मागून घरी आणली. आई भाजी निवडत होती.

“भाऊजींवर म्हणे फार मोठं संकट कोसळलंय,” आई म्हणाली. “एकदा भेटून यायला हवं. आपल्यावर वेळ आली, तेव्हा तेच उभे राहिले होते.”

इथे तिला एक पान काढून ठेवता आलं असतं.

“आई, हात पुस,” ती म्हणाली आणि निकालाला जोडलेलं पहिल्या बैठकीचं पान उघडून आईसमोर ठेवलं. आईने चष्मा शोधायला पुष्कळ वेळ लावला. शेवटी तिनेच तो शोधून दिला, आणि आईचं वाचून होईपर्यंत समोर बसून राहिली.