नाताळच्या सकाळचा निरोप

खाटकाची दुसरी लाथ बरगडीवर बसली तेव्हा घड्याळजीला आत काहीतरी कडकन मोडल्याचं ऐकू आलं. नाताळच्या सकाळी, नव्या कपड्यांतली माणसं चर्चच्या पायऱ्यांवर त्याला तुडवत होती. त्याचे दोन दात पायरीवर पडले होते. पाववाल्याच्या बायकोनेही पायातला जोडा काढला होता.

“पाद्रीबाबांना मारतोस? सणाच्या दिवशी?”

मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त करायला तो परवाच गावात आला होता. प्रार्थनेच्या आधी खाली उतरला, तर मागच्या खोलीत पाद्री डोकं फुटून पडलेले. त्याने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि लोकांनी नेमकं तेवढंच पाहिलं.

फौजदाराने घोड्यावरून येऊन हवेत बार काढला, तेव्हा कुठे गर्दी मागे सरली. त्याने घड्याळजीला उचलून शेजारीच पाद्र्यांच्या घरात नेलं. पाद्र्यांची थोरली बहीण घरात एकटीच होती. भावाच्या रक्ताने माखलेला परका माणूस पाहून ती दारातच थबकली. भाऊ गेल्याचं तिला आधीच कळलं होतं. मग तिने पाणी तापत ठेवलं.

“मी नाही मारलं,” घड्याळजी म्हणाला. ओठ फाटल्यामुळे शब्द धड उमटत नव्हते. “जिवंत होते ते. बोलले माझ्याशी.”

“काय बोलले?” फौजदाराने विचारलं.

“म्हणाले, ‘ताईला सांग, खाटकाला घरात घेऊ नकोस.’”

बहिणीच्या हातातलं फडकं पाण्यात पडलं.

“त्याची बायको वर्षापूर्वी माहेरी गेली म्हणतात,” ती म्हणाली. “तिथे ती पोचलीच नाही. काल बाजारात तो माझ्या अंगावर खेकसला आणि माझा तोल गेला. चारचौघांत मी म्हणाले, तुझी बायको कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे. नुसता अंदाज होता हो माझा! त्याने भावापाशी कबुली दिली असेल, हे मला काय माहीत? त्याला वाटलं, भावानेच कबुलीचं गुपित मोडून मला सांगितलं.”

दारावर थाप पडली.

“ताई, मी आहे.” खाटकाचा आवाज होता. “मेला का तो घड्याळजी?”

फौजदाराने तिला ‘मागे हो’ अशी खूण केली. पण तिने कडी काढली आणि उंबऱ्यातच विचारलं, “कुठे पुरलीस तिला?”

सुरा थेट तिच्या गळ्याकडे आला. तिने हात आडवा घातला आणि तिचा तळहात हाडापर्यंत चिरला गेला. फौजदाराची गोळी खाटकाच्या मांडीत शिरली. पडल्या पडल्याही तो सुरा फिरवत राहिला. फौजदाराने बुटाखाली त्याचं मनगट चिरडलं, तेव्हा तो गुरासारखा ओरडला.

“दुकानाच्या फरशीखाली,” शेवटी म्हणाला. “सोडा. फरशीखाली आहे ती.”

त्याला फरफटत नेल्यावर घरात दोघंच उरली. घड्याळजीने मोडक्या बरगड्या सांभाळत तिचा हात पुढे ओढला आणि फडकं गुंडाळायला घेतलं.

“भाऊ आणखी काही म्हणाला?” तिने विचारलं. “माझ्याविषयी?”

अगदी शेवटी पाद्र्यांनी त्याची बाही मुठीत धरली होती. ‘ताई का बोलली?’ एवढंच विचारलं आणि मूठ सुटली होती.

“नाही,” तो म्हणाला. “हात जरा वर धरा. रक्त थांबेल.”