आयुष्य बदलल्याची पोस्ट

कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली दातार म्हणायची. खरं आडनाव भलतंच होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. दातार डोळ्याला भिंग लावून मेणात एकेक दात कोरायचा. हल्ली मान फार धरायला लागली, तेव्हा दातांचं चित्र संगणकावर आखून देणारं एक सॉफ्टवेअर त्याने हुडकून काढलं. फुकट होतं. अट एवढीच, की ओळखीपाळखीच्या लोकांत त्याची पोस्ट शेअर करायची. मजकूरही कंपनीनेच तयार ठेवला होता: 'या सॉफ्टवेअरमुळे माझं आयुष्य बदललं.'

दातारने अजून ते उघडूनही पाहिलं नव्हतं. पण बटण दाबायला काय जातंय, म्हणून दाबलं.

रात्री जेवताना बायकोने त्याच्यापुढे ताट आदळलं.

"आयुष्य बदललं म्हणे तुमचं."

"अगं, तसं लिहावं लागतं."

"आधीच्या आयुष्यात काय वाईट होतं, तेवढं सांगा. मीही होते त्यात."

"मान दुखायची," तो कसाबसा म्हणाला.

"मग मान बदलली असं लिहायचं!"

सकाळी मेव्हण्याने फोन करून अभिनंदन केलं. शाळेतला एक विसरलेला वर्गमित्र फोनवर चक्क रडला. "तुझं बदललं रे, माझं कधी बदलणार?" दातारने त्याला बराच वेळ धीर दिला. समोरचा चष्मेवाला दुकानातून बाहेर आला, दातारला आपादमस्तक न्याहाळून म्हणाला, "फरक दिसतोय हं." आणि दुपारी सासूबाई बॅग घेऊन दारात उभ्या.

"जावईबापू, बदललेलं आयुष्य बघायला आले. कुठंय?" त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून, थोडा हिरमोड झाल्यासारखं, "बरं, आलेच आहे तर दात तरी करून द्या."

सॉफ्टवेअर खरोखरच गुणाचं निघालं. वरची कवळी बघता बघता तयार झाली. ती लावून सासूबाई आरशासमोर लाजल्या. बायको मात्र अजून 'हो' आणि 'नाही'च्या पुढे बोलत नव्हती. घरातला तो अबोला सोसेना, तेव्हा दातारने गुपचूप पोस्ट काढून टाकली.

खालच्या कवळीचं चित्र नुकतंच पुरं होत आलं होतं. पडदा थरथरला आणि त्यावर अक्षरं उमटली: 'आपलं आयुष्य पूर्ववत झाल्याचं समजलं. वाईट वाटलं. दात परत घेत आहोत.'

"अगं धाव! पोस्ट काढली तर दाढा चालल्या!" दातार ओरडला.

बायको ओल्या हातांनी धावत आली, मागोमाग सासूबाई. पडद्यावरचे दात एकेक करून नाहीसे होत होते. सासूबाईंनी घाबरून आपल्या तोंडावर हात धरला.

"परत टाका ती पोस्ट!" त्या हाताआडून ओरडल्या.

"लोकांना काय सांगू? बदललं होतं, मग सरळ झालं, आता पुन्हा बदललं?"

"व्हा बाजूला," बायको म्हणाली. पदराला हात पुसून ती खुर्चीत बसली आणि तिने स्वतःच्या खात्यावर टाइप केलं: 'माझ्या नवऱ्याचं आयुष्य होतं तसंच आहे आणि ते चांगलं आहे. मानेला आराम पडला. माझ्या आईला वरचे दात मिळाले. खालचे द्या.'

संगणक बराच वेळ विचारात पडला. मग दात परत यायला लागले, आधी दाढा, मग सुळे. खाली ओळ आली: 'इतकी मोजकी स्तुती आमची कोणीच केली नव्हती. भरून आलं.'

खालची कवळी तयार होईपर्यंत ती पोस्ट वाऱ्यासारखी पसरली. मेव्हण्याचा काळजीने फोन आला, "भावोजी, काहीच बदललं नाही म्हणे. मी येऊ का?"

"नको," फोन काढून घेत बायको म्हणाली, "इथे एक पाहुणी पुरे आहे." आणि कितीतरी दिवसांनी ती दातारकडे बघून हसली.

सासूबाईंना ते ऐकू गेलं होतं. त्यांनी दोन्ही कवळ्या लावल्या, एकदा करकर वाजवून बघितल्या, कडकडून भूक लागल्याचं जाहीर केलं आणि बॅगेतले कपडे काढून कपाटात लावायला घेतले.