वाळवलेल्या शेंगा

"नको गं मम्मी. एवढं काही दुखत नाही."

तो आवाज दरवर्षी इथंच यायचा. गुडघे ओल्या मातीत टेकले, थडग्यावरच्या गवतात हात घातला, की मागून कुणी वाकून बोलावं तसा. सतरा वर्षांच्या पोरीचा, थोडा घोगरा. नेड्रानं गवताचा झुबका मुळासकट उपटला, माती झटकली आणि तो बादलीत टाकला. मागं वळून पाहायची सवय तिनं कधीच सोडली होती.

मे महिन्यातला रविवार होता. खोऱ्यातली सगळी घरं आज डोंगरावर आली होती. आपापल्या माणसांची थडगी साफ करायची, माती वर ओढून उंच करायची, मेणात बुडवलेली कागदी फुलं खोचायची आणि मग ओकच्या सावलीतल्या लांब टेबलावर सगळ्यांनी मिळून जेवायचं. नेड्रानं ह्या वर्षी बावीस गुलाब केले होते. मेण बोटांना अजून चिकटलेलं होतं.

"मॅमॉ, बर्फ संपला," लेनी म्हणाली.

सोळा वर्षांची नात शेजारच्या दगडावर गालाला ओला टॉवेल लावून बसली होती. परवा तिच्या दोन अक्कलदाढा काढल्या होत्या. डावा गाल टम्म फुगला होता.

"टेबलाखाली पेटी आहे, तिच्यातला घे. आणि बारा वाजता ती दुकानातली साधी गोळी घे."

"त्या गोळीनं माशीचंही दुखणं जात नाही."

नेड्रानं गवताचा पुढचा झुबका उपटला. दातांच्या डॉक्टरनं चांगली जोरकस गोळी लिहून दिली होती. ती चिठ्ठी तिनं दवाखान्याच्या आवारातच, गाडीचं दार उघडायच्या आधी, चार तुकडे करून कचऱ्यात टाकली होती. लेनी सुजल्या तोंडानं 'का?' एवढंच म्हणाली होती. त्या 'का'ला दोन दिवस झाले. तो घरात जेवणाच्या टेबलावर बसलेला होता, पायरीवर बसलेला होता. आज गाडीत मागच्या सीटवर बसून डोंगरावरही आला होता.

"तुला कुणाचं दुखणं दिसतच नाही," लेनी म्हणाली आणि बर्फ आणायला गेली.

नेड्रानं आपल्या मुलीच्या, लेनीच्या आईच्या, कार्लीनच्या दगडावरची शेवाळाची रेघ नखानं खरवडली. एकतिसाव्या वर्षी गेली पोर. चार वर्षं झाली. तिच्या मरणाची बातमी छापून आली तेव्हा 'राहत्या घरी अचानक' असं लिहिलं होतं. ह्या डोंगरावर असे 'अचानक' आता दोन रांगा भरून झोपले होते. कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ. खाणीनं जितकी माणसं खाल्ली नसतील तितकी ह्या एका शब्दानं खाल्ली.

इझ्राकाकांनी टोपी काढली. म्हाताऱ्याचा आवाज कोळशाच्या धुळीनं खरखरीत झाला होता, पण भजनाची ओळ त्याच्याशिवाय दुसरं कुणी सांगत नसे. तो एक ओळ भरभर म्हणायचा आणि मग सगळं खोरं तीच ओळ ओढून, लांबवून, उतारावरून पाणी उतरावं तशी म्हणायचं.

*डोंगराच्या वाटे देवा, हात माझा धर रे...*
*झाकलेलं ओझं माझं तूच उघडं कर रे...*

पहिली ओळ नेड्रानं म्हटली. दुसऱ्या ओळीला तिला खोकला आला. तो दरवर्षीच यायचा.

टेबलावर भांड्यांची गर्दी झाली. तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, वाळल्या सफरचंदांचा थरांचा केक. प्रत्येकीनं आपलं भांडं ठेवायचं आणि प्रत्येकानं सगळ्या भांड्यांत चमचा घालायचा, ही इथली रीत. कुणाच्या हातची चव कशीही असो, भांडं रिकामं परत गेलं पाहिजे.

टेबलाच्या पार टोकाला इमोजीनचं निळं भांडं होतं. दोऱ्यात ओवून, माळ्यावर वाळवून, डुकराच्या चरबीत शिजवलेल्या शेंगा. तशा शेंगा खोऱ्यात दुसऱ्या कुणाला जमत नसत. चार वर्षं ते भांडं भरलेलं यायचं आणि भरलेलंच जायचं. इमोजीन म्हणजे रँडलची आई. आणि रँडल म्हणजे ज्यानं कार्लीनला गोळ्यांच्या नशेला लावलं तो. लेनी त्याची मुलगी, म्हणून इमोजीन लेनीची दुसरी आजी. पण त्या घराची पायरी चढायची नाही, असं नेड्रानं पोरीला बजावलं होतं. रँडल अंत्यविधीलाही आला नाही. ओहायोकडे निघून गेला, तो गेलाच. मागं राहिली ती म्हातारी. ती दरवर्षी शेंगा शिजवायची, टोकाला ठेवायची आणि जेवण उरकलं की भांड्यावर फडकं बांधून एकटी उतरायची. कुणाला कधी एका शब्दानं बोलली नाही.

"काय गं पोरी, खारीसारखे अक्रोड भरलेस की काय गालात?" वेल्डानं विचारलं.

वेल्डा शेजारीण. नेड्राच्या नवऱ्याची, होबर्टची पाठ खाणीत मोडली तेव्हा सहा महिने रोज सूप आणून देणारी. लेनीला हसू आलं आणि हसताना कळ आली. डोळे पाण्यानं भरले.

"आई गं! किती दुखतंय तुला. नेड्रा, काही दिलं नाहीस का हिला?"

"दिलंय."

"दुकानातलं," लेनी म्हणाली.

"दुकानातल्यानं काय होतंय!" वेल्डानं पर्स उघडली. कागदी रुमालाची घडी काढली. "माझ्या कमरेच्या ऑपरेशनच्या उरल्यात. डॉक्टरनंच दिल्यात, रस्त्यावरच्या नव्हेत. अर्धी घे. नाहीतर आख्खीच घे, पोट भरलेलं आहे तुझं."

खोऱ्यात हे असंच चालत आलेलं. नेड्राची आई म्हणायची, दुखणं एकट्यानं खाऊ नये, आणि औषध एकट्यानं ठेवू नये. बीबियाणं वाटावं, मुरांबा वाटावा, तशा गोळ्या वाटल्या जायच्या. पर्समधून, एप्रनच्या खिशातून, प्रार्थनेच्या पुस्तकातून. जिच्याकडे असून जी देत नाही ती कसली शेजारीण?

गोळी पांढरी होती. लेनीच्या तळहातावर ती मक्याच्या दाण्याएवढी दिसत होती.

"ठेव खाली," नेड्रा म्हणाली.

"का?"

"मी सांगते म्हणून."

"हेच परवापासून ऐकतेय." लेनीचा आवाज चढला. शेजारची दोन माणसं खायची थांबली. "कारण सांग, मग ठेवते. मला वाटतं तुझ्याकडे कारणच नाहीये. तुला बरं वाटतं मला असं बघून."

"अगं, तिला भीती वाटते," वेल्डा समजुतीनं म्हणाली. "तुझ्या आईचं तसं झालं ना. पण बाळा, तुझी आई काही डॉक्टरच्या गोळीनं गेली नाही. संगतीनं गेली." आणि तिनं टेबलाच्या टोकाकडे हनुवटी केली.

इमोजीन फडकं उलगडत होती. लोक अजून जेवत होते, पण तिनं भांडं झाकायला घेतलं होतं.

संगतीनं गेली. ते वाक्य वेल्डाचं नव्हतं. ते नेड्राचं होतं. चार वर्षांपूर्वी शवपेटीशी उभं राहून, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन तिनंच ते म्हटलं होतं. लोकांनी ते जपून घरी नेलं आणि आज अगदी तसंच्या तसं परत आणून दिलं. आता तिनं फक्त मान हलवायची होती. वेल्डा गप्प झाली असती. लेनीनं पाण्याचा ग्लास उचलला असता.

लेनीनं ग्लास उचललाच.

नेड्रा उठली. तिच्या बशीत कोंबडीचा एक तुकडा होता, तो घसरून गवतात पडला. ती टेबलाच्या कडेकडेनं चालत टोकापर्यंत गेली. इमोजीनच्या हातातलं फडकं तिनं बाजूला सारलं, भांड्यात चमचा घातला आणि शेंगा आपल्या बशीत वाढून घेतल्या. चमचा भांड्याच्या काठाला लागला, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"संगतीनं नाही," ती म्हणाली. ती लेनीकडे पाहत होती. "रँडल तिला भेटायच्या आधीची गोष्ट आहे. कार्लीन सतरा वर्षांची होती. सॉफ्टबॉल खेळताना गुडघा मुरगळला होता. तुझ्या आजोबांची पाठीच्या गोळ्यांची बाटली मोरीवरच्या खिडकीत असायची. पहिली गोळी मी दिली. ह्या हातानं."

इझ्राकाकांनी टोपी पुन्हा काढली आणि तिचं काय करावं ते न कळून मांडीवर ठेवली. इमोजीन वर बघत नव्हती. तिची बोटं फडक्याच्या कडेवर फिरत होती, जणू शिवण तपासत होती. ते तिला नवीन होतं असं काही तिच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही. तेच नेड्राला सगळ्यात जास्त लागलं.

"अगं पण नेड्रा," वेल्डा हलकेच म्हणाली, "मायेनंच दिलीस ना? पोरीला दुखत होतं. कुठल्याही आईनं दिली असती. आम्ही सगळ्यांनीच दिल्यात. तेव्हा कुणाला माहीत होतं?"

टेबलाभोवतीच्या माना हलल्या. पाचसहा बायकांनी एकदम श्वास सोडला. वेल्डानं एक दार उघडून धरलं होतं, आणि दारापलीकडे सगळं खोरं उभं होतं, तिला आत घ्यायला. त्यात खोटंही काही नव्हतं. लेनीच्या डोळ्यांतला राग विरघळत चालला होता. तिनं ग्लास खाली ठेवला होता, पण मूठ अजून मिटलेली होती.

नेड्रानं बशी टेबलावर ठेवली. मेण चिकटलेली बोटं एप्रनला पुसली. निघालं नाही.

"दुखत होतं म्हणून नाही दिली," ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला की टोकाची माणसं पुढं वाकली. "दुसऱ्या दिवशी सामना होता. कॉलेजच्या संघासाठी पोरी निवडणारा माणूस तिचा खेळ बघायला येणार होता. मला वाटलं, खेळली तर ह्या खोऱ्यातून सुटेल. ती पायरीवर पाय लांब करून बसली होती. म्हणाली, बसून राहते, दोन आठवड्यांत बरा होईल. मी पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहिले. घेतल्याशिवाय हलले नाही."

लेनीची मूठ उघडली.

"ती नको म्हणाली होती, लेनी," नेड्रा म्हणाली. "दोनदा म्हणाली होती."