धुराड्यामागचा कोपरा

हेस्टर थर्लोबाईंनी वर्षभर एका कोपऱ्यावरून माझी सालं काढली. गेल्या वसंतात त्यांच्या शेतावरच्या घराचा माळा मी साफ केला. वासे इतके काळेकुट्ट की हात टेकला की तळवा काळा. इंग्लंडातल्या सफोकमध्ये तीस वर्षं सुतारकी केलेला माणूस मी, मला घाण खपते होय? चार दिवस तारेच्या ब्रशनं घासघासून लाकूड लख्ख केलं. राहिला तो धुराड्यामागचा अरुंद कोपरा. तिथं माझं पोट शिरेना. मग काय, चर्चच्या दारातसुद्धा बाई लोकांना सांगायच्या, या रूबेनच्या पोटानं माझा माळा अर्धवट ठेवलाय म्हणून.

परवा जुन्या घरांचं वय ठरवणारे सरकारी साहेब आले, पिल्ब्रो नावाचे, काठीसारखे बारीक. घर बाईंच्या भावाच्या नावावर, आणि त्याला ते पाडून तिथं कोंबड्यांची शेड घालायची होती. घर खूप जुनं ठरलं, तर मात्र कायद्यानं त्याला हात लावता येणार नव्हता. साहेबांनी पुढच्या विटा पाहिल्या, खिडक्या पाहिल्या आणि म्हणाले, दोनशे वर्षांचं दिसतंय, अशी इथं ढिगानं आहेत. बाई मटकन पायरीवर बसल्या. जन्मापासून त्या याच घरात राहिलेल्या.

निघता निघता साहेबांनी सहज विचारलं, माळ्यावर काजळी आहे का? विटा काय, मागाहूनही लावतात. पण धुराडी नव्हती तेव्हा चूल घराच्या मधोमध असायची, वर थेट छपरापर्यंत मोकळं, आणि धूर वाशांना लागायचा. वासे काळे असले तर घर पाचशे वर्षांचंही असेल.

गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? पण बाईंकडे बघवेना.

"साहेब, होती काजळी," मी म्हणालो. "मीच घासून काढली. चार दिवस खपून."

साहेबांनी कपाळाला हात लावला. बाई मात्र ताडकन उठल्या. "अरे मेल्या, कोपरा!"

आम्ही तिघं जिन्यावरून असे धावलो की भिंतीवरची ताटली खाली आली. कुणी मागं वळून पाहिलं नाही. साहेब बॅटरी घेऊन धुराड्यामागं आडवे घुसले, नुसते बूट बाहेर राहिले. देवा, एक वासा तरी काळा निघू दे, दुसरं काही मागत नाही.

साहेब बाहेर आले ते नाकापासून हनुवटीपर्यंत काळे, आणि लहान पोरासारखे हसत. तीन वासे, म्हणाले, तिन्हींवर काजळीचा थर. आता हे घर कुणाचा बाप पाडू शकत नाही.

बाईंना रडू फुटलं. मलाही फुटलं, कशाला खोटं बोलू. मग डोळे पुसत त्यांनी माझ्या पोटाकडे एकदा नीट पाहिलं.

"रूबेन, दर रविवारी इथं जेवायला यायचं," त्या म्हणाल्या. "हे पोट कमी झालेलं मला चालायचं नाही."