जावयाच्या दोरीचे टाके

इमारतींना बाहेरून रंग देणारा माणूस शनिवारी संध्याकाळी साइटवरून निघाला तेव्हा त्याच्या पिशवीत रिकामा डबा, ओला टॉवेल आणि घरी न्यायला सक्त मनाई असलेली एक वस्तू होती. उंचीवर काम करताना अंगावरचा पट्टा वरच्या आधाराला बांधून ठेवणारी दोरी. तिच्या एका टोकाशी तळहाताएवढं कापडी पाकीट असतं. त्या पाकिटाची चेन निघाली होती.

स्टोअरमधून नवी दोरी मागता आली असती. पण नवी वस्तू देताना स्टोअरकीपरचा चेहरा लेक सासरी धाडणाऱ्या बापासारखा होई, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी तो बघायची रंगाऱ्याची तयारी नव्हती. शिवाय त्याचे सासरे शिंपी होते.

सासऱ्यांचं दुकान घराच्या खालीच होतं. नवे कपडे शिवून घ्यायला आता कोणी येत नसे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं अस्तर सांधणं, एवढंच काम उरलं होतं. जावयाबद्दल त्यांचं मत लग्नाआधी जे होतं तेच आजही होतं. मुलगा चांगला आहे, पण जमिनीवर नाही.

"मामा, एवढी चेन बसवून द्याल?"

"कशाची पिशवी ही?"

"पिशवी नाही. मी पडलो तर ही धरते."

सासऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हिला स्वतःची चेन धरता येईना, जावईबापू."

सासऱ्यांना एक सवय होती. काम कितीही किरकोळ असो, हातात आलेलं कापड आधी उलटं करून आतली शिवण बघायची. त्याशिवाय ते मशीनला पाय लावत नसत. रविवारी दुपारी त्यांनी पाकीट उघडून आतला भाग बाहेर काढला. जाड पट्टी घड्या घालून कोंबलेली होती आणि त्या घड्या बारीक, विरळ टाक्यांनी एकमेकींना चिकटून होत्या. त्यांनी सुईच्या टोकानं एक टाका उचकला. तो निघाला.

"हे टाके नव्हेत," ते मुलीला म्हणाले. "टाक्यांची आठवण आहे."

मुलगी समोर बसून काजं करत होती. "बाबा, त्यांनी फक्त चेन सांगितलीय."

"आणि तो पडला, की तू चेन धरून बस."

सासऱ्यांनी ताडपत्री शिवायचा दोरा काढला, मशीनला जाड सुई लावली आणि सगळ्या घड्या एकत्र दाबून उभी शिवण मारली. मग आडवी. मग दोन्ही कोपऱ्यांतून तिरपी. एक सुई मोडली, दुसरी लावली. शेवटी चेन बसवली. जावयासाठी न मागता केलेलं हे त्यांचं पहिलं काम होतं. वर गेल्यावर त्यांनी फक्त "झालंय" एवढंच सांगितलं.

सोमवारी सकाळी साइटवर नेहमीची तपासणी झाली. सगळ्यांनी पट्टे चढवून रांगेत उभं राहायचं आणि सुरक्षा बघणाऱ्या मॅडमनी प्रत्येकाचा पट्टा, हूक आणि दोरी हातानं चाचपायची, अशी तिथली पद्धत होती. मॅडम डोळ्यांवर विश्वास ठेवत नसत. रंगाऱ्याचं पाकीट दाबून त्या थांबल्या. पुन्हा दाबलं.

"हे एवढं कडक कशानं झालं?"

"चेन नवी आहे, मॅडम."

त्यांनी नवी चेन उघडली. आत बराच वेळ बघितलं.

"हे कोणी केलं?"

"सासऱ्यांनी," रंगारी म्हणाला. खरं तर तोही आत पहिल्यांदाच बघत होता.

शेजारी त्याचा जोडीदार उभा होता. मान लांब असल्यामुळे त्याला सगळे जिराफ म्हणत. "सासऱ्यांचा तुझ्यावर भारी राग दिसतोय रे," तो म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत. "सामान घरी नेलं. त्यात फेरफार केला. दोन्हींना एकच शिक्षा आहे, त्यामुळे एकदाच मिळेल. कामावरून बंद. पट्टा काढा."

रंगारी ऐन सकाळी घरी परत आला. सासऱ्यांनी दुकानातून त्याला पायऱ्या चढताना बघितलं आणि काय झालं ते विचारलं. त्यानं सांगितलं. त्याच्या सांगण्यात सासऱ्यांचा दोष कुठेही नव्हता, आणि त्याचाच सासऱ्यांना जास्त राग आला.

"बाबा, तुम्ही तिकडे जाऊ नका," मुलगी म्हणाली.

"माझ्या शिवणीपायी तुझ्या नवऱ्याचं काम गेलं आणि मी काय इथे बटणं लावत बसू?"

गळ्यातली टेप तशीच ठेवून ते निघाले. जावई मागोमाग गेला.

मॅडम फाटकाशीच भेटल्या. सासऱ्यांनी स्वतःची ओळख करून दिली आणि शिवणीत काय खोट आहे ते दाखवा म्हणाले.

"खोट काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "तीच अडचण आहे. आतले टाके तुटण्यासाठीच घातलेले असतात."

"तुटण्यासाठी टाके? कोण घालतं?"

"कारखाना."

"बुडेल तो कारखाना."

मॅडमनी वाद घातला नाही. नव्या लोकांना शिकवण्यासाठी साइटच्या मागे एक लोखंडी चौकट उभी केलेली होती. त्यांनी तिथे वाळूची दोन पोती आणवली, दोन्हींना बाद झालेले जुने पट्टे आवळले आणि स्टोअरमधून एक नवी दोरी मागवली. दोरी घेऊन स्टोअरकीपर स्वतः आला आणि जाईना.

पहिलं पोतं चौकटीला अडकवलेल्या नव्या दोरीला बांधून जिराफनं वर ओढलं आणि सोडून दिलं. पोतं पडलं, दोरी ताणली गेली, पाकिटातून फर्रर्र आवाज आला. आतली पट्टी टाके तोडत तोडत लांब उलगडत गेली आणि पोतं जमिनीच्या बरंच वर हळूच थांबलं. जरा डोललं. स्टोअरकीपरनं उसासा टाकला.

"उसवलं," सासरे म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं.

दुसरं पोतं त्यांनी शिवलेल्या दोरीला बांधलं. जिराफनं ते सोडलं. या वेळी फर्रर्र काही झालं नाही. एकच ठप्प झालं. दोरी जागच्या जागी थांबली, वाळू थांबली नाही. पोतं कडेनं फाटलं, वाळूचा ढीग खाली पडला आणि रिकामं कापड पट्ट्यात लोंबत राहिलं.

सासरे आधी पाकिटापाशी गेले. चेन उघडून त्यांनी आतला भाग बाहेर काढला. "बघा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एक टाका हललेला नाही."

जिराफ वाळूकडे बघत होता. मग सासऱ्यांनीही बघितलं. त्यांनी लोंबणारं पोतं हातात घेतलं आणि सवयीनं उलटं केलं.

"याची शिवण कच्ची होती."

"दोन्ही पोती एकाच गठ्ठ्यातली आहेत," मॅडम म्हणाल्या. "पडणाऱ्याचा झटका कुणीतरी खावा लागतो. टाक्यांनी खाल्ला नाही, तर माणूस खातो."

"वाळू किती भरता?"

"माणसाच्या वजनाइतकी. तुमच्या जावयाएवढी धरा."

सासरे जावयाकडे वळले. त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, मापं घेताना बघतात तसं. मग गळ्यातली टेप काढून गुंडाळली आणि खिशात घातली.

"चूक माझी आहे, बाई. त्याला परत घ्या."

"चूक त्यांचीच आहे. वस्तू त्यांनी घरी नेली." मॅडमनी रंगाऱ्याकडे बघितलं. "पण लपवलं नाही. विचारल्याबरोबर सांगितलं. आठवडाभर खाली रंग कालवू देत, मग वर."

"आठवडाभर जमिनीवर?"

"हो."

"शिक्षा म्हणून?"

"हो."

"वाढवता येईल का?"

मॅडम पहिल्यांदाच हसल्या आणि नाही म्हणाल्या. त्यांनी सासऱ्यांनी शिवलेल्या दोरीचे कात्रीनं तुकडे केले. एवढा जाड दोरा कापताना कात्री अडकली, तेव्हा सासऱ्यांनी ती त्यांच्या हातून घेतली आणि उरलेलं काम स्वतः केलं.

घरी मुलगी दारातच उभी होती. "काय झालं?"

"उसवायला हवं होतं," ते म्हणाले. "नाही उसवलं." आणि दुकानात जाऊन बसले.

पुढच्या सोमवारी तपासणीच्या वेळी ते फाटकाबाहेर उभे होते. मॅडमनी त्यांना बघितलं, पण हाकललं नाही. रंगारी नवी दोरी लावून वर निघाला, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"जावईबापू, इकडे या."

तो फाटकापाशी आला. सासऱ्यांनी जाळीतून हात घालून पाकीट अंगठ्यानं दाबलं. पुन्हा दाबलं. चेनला हात लावला नाही.

"मऊ आहे," ते म्हणाले. "जा."